आल्फदीसच्या हातचं पदक

ग्राउवीकमध्ये कुठलीही बातमी आधी गरम कुंडात येते, मग गावात. पोहायच्या तलावाला लागूनच ते सिमेंटचं गोल कुंड आहे, जमिनीखालचं ऊन पाणी त्यात सोडलेलं असतं आणि माणसं गळ्यापर्यंत बुडून एकमेकांची उणीदुणी काढत बसतात. आइसलंडच्या या टोकाला दुसरी करमणूक तरी काय? मासे, पाद्रीबुवांचं प्रवचन आणि कुंड. त्यातल्या त्यात खरं बोललं जातं ते कुंडात, कारण अंगावर चड्डीखेरीज काही नसलं की माणसाला फारसा तोरा मिरवता येत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मे महिन्यातल्या एका सकाळी खलाशी मंडळाचा अध्यक्ष ईस्लेफ कुंडात उतरला, दोनदा हुश्श केलं आणि काठावर उभ्या असलेल्या, पोरांना पोहायला शिकवणाऱ्या स्टेनवरला म्हणाला, "बस की गं जरा. ती काठी ठेव खाली."

"मी कामावर आहे. तू बोल, कान रिकामे आहेत."

"खलाशी दिनाला आपण म्हाताऱ्या खलाशांना पदक देतो ना, तसं यंदापासून एक शिक्षकाला द्यायचं ठरलंय. गावातल्या सगळ्यात चांगल्या शिक्षकाला. पहिलं तुला."

समोर हेडमास्तर थोरलाक हनुवटीपर्यंत पाण्यात होते. गेली कित्येक वर्षं ते गावाला गणित आणि डॅनिश शिकवत आले होते, आणि पदकाची कुणकुण लागल्यावर त्यांनी शहरातून नवा सूट शिवून आणला होता हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. "मंडळाचा निर्णय आहे," ते म्हणाले. "माझं काहीच म्हणणं नाही." पाण्याखालून कुणीतरी चिमटा काढावा तसा त्यांचा आवाज आला.

"वाईट वाटून घेऊ नकोस थोरलाक," ईस्लेफ म्हणाला. "तुझं डॅनिश ऐकून कुणी बुडताना वाचलेला नाही. उलट एकदोघांना जीव द्यावासा वाटला असेल."

स्टेनवर हसली. ती क्वचित हसायची, आणि हसली की तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. मग तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

"लावणार कोण?" तिनं विचारलं.

थोरलाक पाण्याकडे बघू लागले. ईस्लेफनं तोंडावर पाणी मारून घेतलं.

ग्राउवीकची रीत अशी की पदक छातीला लावायचं ते समुद्रानं ज्या घरातलं माणूस सगळ्यात शेवटी नेलं, त्या घरच्या बाईनं. कोणी सुरू केली ही रीत, कुणाला आठवत नाही. ज्या हातानं गमावलं त्याच हातानं द्यायचं, म्हणजे समुद्राला समजतं की आमच्याकडे अजून शिल्लक आहे, असं म्हातारे सांगतात. मला विचाराल तर रीत क्रूर आहे. पण या गावात पाद्रीबुवा बदलता येतो, रीत बदलता येत नाही.

समुद्रानं शेवटचा नेला तो दोन हिवाळ्यांपूर्वी, आणि तो आल्फदीसचा मुलगा होता.

*

स्टेनवरचा बाप धक्क्याच्या इतक्या जवळ बुडाला की काठावरच्यांना त्याच्या मिशा दिसत होत्या. होडी उलटली, तो वर आला, हात हलवले, ओरडला. धक्क्यावर सगळं गाव गोळा झालं होतं आणि त्या गावात पोहता येणारं एकही माणूस नव्हतं. तेव्हाचे कोळी पोहायला शिकतच नसत. पोहता येणारा बुडायला जास्त वेळ घेतो, उगाच हाल कशाला, असा त्यांचा हिशेब होता. कोणी दोर फेकला तो तोकडा पडला. सात वर्षांची स्टेनवर आईचा स्कर्ट धरून उभी होती, आणि तिला पुढे आयुष्यभर बापाचा चेहरा आठवला नाही, आठवली ती माणसांची पाठमोरी रांग. इतकी माणसं आणि एकही उपयोगाचं नाही.

पुढे गावकऱ्यांनी डोंगराच्या पायथ्याशी ऊन पाण्याच्या झऱ्याजवळ स्वतःच्या हातांनी तलाव खणला. स्टेनवर दक्षिणेला जाऊन पोहणं शिकून आली आणि जी तलावाच्या काठावर उभी राहिली ती कायमची. लग्नाचं कुणी विचारलं नाही असं नाही. पण जो विचारायला यायचा त्याला ती आधी विचारायची, पोहता येतं का, आणि मग विषय तिथेच संपायचा.

शिकवायला ती कडक होती. कडक कसली, खाष्ट होती. हातात लांब काठी. पोरगं काठाला चिकटून बसलं की काठीच्या टोकानं त्याची बोटं एकेक करून सोडवायची. आया रडायच्या, तिला शिव्या घालायच्या. "गोंजारून कोणी तरंगत नाही," एवढंच तिचं उत्तर. पोरं तिला काठीवाली म्हणत, पाठीमागे आणि पुढेही.

शाळा संपायच्या आधी पोहण्याची परीक्षा सगळीकडेच असते, पण तिची परीक्षा वेगळी होती. सगळ्या पोरांनी लोकरी स्वेटर आणि पँटसकट एकदम उडी घ्यायची. जो पहिला पोचेल त्यानं बाहेर यायचं नाही. त्यानं वळायचं, बघायचं, आणि जो सगळ्यात मागे असेल त्याला जाऊन आणायचं. शेवटचं पोर बाहेर आलं तर सगळे पास, नाहीतर सगळे नापास. वरून काठी आपटत तिचं ओरडणं चालू असायचं, "मागे कोण राहिलं? बघ! कोण राहिलं?" दुसऱ्या कुठल्या गावात असं नव्हतं. पण दुसऱ्या कुठल्या गावात धक्क्यावरची ती पाठमोरी रांग तिनं पाहिली नव्हती.

आल्फदीसचा ब्यार्तमार पहिल्या वेळी असाच पोचला आणि सरळ बाहेर चढून टॉवेल मागायला लागला. दहा वर्षांचा, माशासारखा पोहणारा, आणि ते त्याला पक्कं माहीत होतं. मागे काउरी नावाचा जाडा मुलगा गटांगळ्या खात होता. स्टेनवरनं ब्यार्तमारच्या छातीला काठी लावली आणि त्याला परत पाण्यात ढकललं. तो रडला, थरथरला, मग गेला आणि काउरीला केसांना धरून ओढत आणलं. आल्फदीस काठावर बसली होती. तीच स्टेनवरला म्हणाली, "बरं केलंस. फार लाडावलाय."

त्या दोघी तरुणपणी धक्क्यावर शेजारी शेजारी हेरिंग मासे साफ करायच्या. बोटं फाटायची, मिठानं झोंबायची आणि तरी दोघी खिदळत असायच्या. पुढे घरंही शेजारी आली. आल्फदीसचा नवरा फुप्फुसाच्या आजारानं गेला तेव्हा स्टेनवर महिनाभर तिच्याकडे झोपायला होती. रोज दुपारी कॉफी, आणि बरोबर शंकरपाळ्यांसारख्या तळलेल्या गोड क्लेना, कधी हिच्या हातच्या कधी तिच्या. क्लेना कोणाच्या चांगल्या यावर दोघींचं जन्मात एकमत झालं नाही.

*

लोआ नावाचा मचवा फेब्रुवारीत फुटला. हिमवादळात खाडीच्या तोंडाशी खडकावर आपटला, सकाळची वेळ, उजाडलं न उजाडलं. गार पाण्यात जीव तगवणारे ते रबरी सूट तेव्हा आले नव्हते. वर चौघे होते: म्हातारा तांडेल ओदगेर, ज्याला पोहता येत नव्हतं आणि ज्याच्यामागे रडायला कोणी नव्हतं, ब्यार्तमार, काउरी आणि होस्कुल्द. जवळ एक उघडा खडक होता. ब्यार्तमार पहिला पोचला. होस्कुल्द आपला आपण आला. काउरी माशांच्या पेटीला धरून तरंगत होता, हात बधिर झालेले. ब्यार्तमार परत गेला आणि त्याला ओढून आणलं. मग तिकडून ओदगेरची हाक आली.

"नको जाऊ," काउरी त्याला म्हणाला.

"मागे राहिलाय ना तो," ब्यार्तमार म्हणाला, आणि गेला.

हे सगळं गावाला कसं कळलं? काउरीनं सांगितलं, भर चर्चमध्ये, शोकसभेत. तो बिचारा मनापासून बोलला. रडत म्हणाला, "ब्यार्तमार गेला तो स्टेनवरनं शिकवलं ते विसरला नाही म्हणून. मी आज उभा आहे तो स्टेनवरमुळे." लोकांनी माना डोलावल्या. बायकांनी डोळे पुसले. पुढच्या बाकावर आल्फदीस बसली होती. तिनं मान वळवली आणि स्टेनवरकडे पाहिलं, एखाद्या अनोळखी बाईकडे पाहावं तसं, आणि परत समोर पाहू लागली.

भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं होतं, भांडणाला निदान दोन तोंडं लागतात. दुपारची कॉफी तेवढी बंद झाली. एकदा स्टेनवर क्लेनांची ताटली घेऊन तिच्या दाराशी गेली. आल्फदीसनं दार उघडलं, ताटली घेतली, बरं म्हणाली आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी ताटली स्टेनवरच्या पायरीवर होती, धुतलेली, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवलेला. त्या दगडाकडे बघून स्टेनवर प्रथम रडली. ब्यार्तमारला पुरलं तेव्हाही ती रडली नव्हती.

त्यानंतर तिनं परीक्षा घेतली ती तशीच, पण काठी आपटताना तिचा आवाज चिरकायचा. पोरांना ते कळत नव्हतं. तिला कळत होतं. रात्रंदिवस एकच विचार तिला पोखरत होता की त्या पोराला काठावर चढू दिलं असतं तर आज तो आईच्या स्वयंपाकघरात बसून क्लेना खात असता. आणि काउरी? काउरीचा विचार आला की ती हातातलं काम जोरात करू लागायची.

*

कुंडातल्या त्या सकाळनंतर ती ईस्लेफच्या जाळ्यांच्या खोपीत गेली.

"मला नको ते पदक. थोरलाकला दे. सूट पण तयार आहे त्याचा."

"वेडी आहेस का? हे काउरीनं सुचवलंय. सगळ्या मंडळानं हात वर केले. तू नाही म्हणालीस तर त्या पोरानं कुठे तोंड लपवायचं?"

"आणि आल्फदीसनं?"

ईस्लेफ जाळ्याची गाठ सोडवत राहिला. "तिला मी स्वतः विचारून आलो. म्हटलं, नको वाटत असेल तर त्याआधी ज्या घरचं माणूस गेलं तिथल्या बाईला बोलावू. येते म्हणाली."

"काय म्हणाली, नीट सांग."

"अगं नीट काय सांगू? मासा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, येते."

आशा ही फार वाईट गोष्ट आहे. पायात पाय घालून पाडते आणि वर हात द्यायला नसते. स्टेनवरच्या मनात त्या एका शब्दाचं झाड झालं. येते म्हणाली! जिला माझं तोंड बघायचं नाही ती कशाला येईल? तिला पदक नको होतं, मान नको होता. तिला एवढंच हवं होतं की आल्फदीसनं एकदा म्हणावं, तुझा दोष नाही. तेवढ्यासाठी ती काहीही कबूल करायला तयार होती. तलाव झाडताना ती पुटपुटून पाहायची, "माझं चुकलं, आल्फदीस. मी असं शिकवायला नको होतं." पहिल्यांदा वाक्य पुरं झालं नाही. मग हळूहळू जिभेला सवय झाली.

*

जूनचा पहिला रविवार. चर्च झालं, बुडालेल्यांच्या दगडापाशी फुलांचं चक्र ठेवलं, होड्यांच्या शर्यतीत पाद्रीबुवांची होडी नेहमीप्रमाणे शेवटची आली. मग सगळे मासळीच्या कारखान्याच्या दालनात जमले. बायकांच्या मंडळानं जमीन घासली होती, तरी खालून मासळीचा वास येतच होता आणि वरून सायीच्या केकचा. थोरलाक नव्या सुटात पहिल्या रांगेत बसले होते. काउरी बायकोबरोबर बाजूला उभा होता, खांद्यावर गेल्या शरदात झालेली मुलगी. तिचं नाव ब्यार्तेय ठेवलं होतं. का, ते कुणी विचारायची गरज नव्हती. आल्फदीसनं त्या पोरीला अजून एकदाही हातात घेतलं नव्हतं.

ईस्लेफनं भाषण केलं, लांबलं, कोणीतरी "कॉफी निवतेय रे" म्हणून ओरडलं, हशा झाला. मग त्यानं नाव घेतलं.

स्टेनवर उभी राहिली. आल्फदीस समोरून आली, काळा कोट, केस घट्ट बांधलेले. दोन हिवाळ्यांत ती दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. तिच्या हातात पदक होतं.

आल्फदीस जवळ आली, इतकी जवळ की स्टेनवरला तिच्या कोटाचा ओळखीचा वास आला. तिनं पिन उघडली, स्टेनवरच्या स्वेटरची लोकर चिमटीत धरली आणि वाकली. तिचं तोंड स्टेनवरच्या कानाशी आलं.

"एक विचारते," ती इतक्या हळू म्हणाली की पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नाही. "खरं सांग."

"विचार."

"उद्या पोरं पाण्यात उतरतील. त्यांनाही मागे वळायला शिकवशील?"

तयार केलेलं वाक्य स्टेनवरच्या ओठांवर होतं. माझं चुकलं. एवढं म्हटलं की दुपारची कॉफी परत मिळणार होती, शेजारचं दार उघडणार होतं. तिनं तोंड उघडलं. आणि आल्फदीसच्या खांद्यावरून तिला काउरी दिसला. जाडा, लालबुंद, डोळ्यांत पाणी, आणि टाळ्यांना अजून अवकाश आहे हे न समजून पोरीचे दोन्ही हात धरून टाळ्या वाजवणारा. चुकलं म्हणायचं म्हणजे त्याला काय सांगायचं? की तू त्या पेटीला धरून तिथेच राहायला हवं होतंस? की ही पोरगी व्हायलाच नको होती? इकडे आड, तिकडे विहीर. आणि दोन्हीकडे पाणीच.

"हो," स्टेनवर म्हणाली. "तेच शिकवीन."

आल्फदीसचा हात थांबला. स्टेनवरला तिचा श्वास कानावर लागत होता.

"बरं झालं," आल्फदीस म्हणाली. "नाही म्हणाली असतीस तर माझं पोर फुकट गेलं असतं."

स्टेनवरचा जीव भांड्यात पडला. तिनं आल्फदीसचं मनगट धरलं. "आल्फदीस—"

"ऐकून घे पुढचं. तू बरोबर आहेस, मला कळतं ते. पण मला तुझं तोंड बघवत नाही. रस्त्यात भेटलीस तर मान हलवीन, लोकांसाठी. घरी येऊ नकोस. ताटल्या पाठवू नकोस. मी मेले तर पुरायलासुद्धा येऊ नकोस."

पिन लोकरीतून आरपार गेली आणि बंद झाल्याचा बारीक आवाज आला. आल्फदीसनं पदक सरळ केलं. मग, रीत आहे म्हणून, तिनं स्टेनवरच्या दोन्ही गालांचं चुंबन घेतलं.

दालन टाळ्यांनी दणाणलं. बायका रडत होत्या. दोन मैत्रिणी इतका वेळ कानाशी लागून बोलताना, एकीनं दुसरीचा हात धरताना साऱ्या गावानं पाहिलं होतं. ईस्लेफनं नाक शिंकरल्यासारखं करून डोळे पुसले. थोरलाकसुद्धा उभे राहून टाळ्या वाजवत होते. काउरी गर्दीतून वाट काढत आला आणि पोरीसकट स्टेनवरला मिठीत घेतलं.

"बोललात!" तो हुंदके देत म्हणाला. "शेवटी बोललात दोघी! मला माहीत होतं, पदकाच्या निमित्तानं तरी बोलाल. म्हणून तर सुचवलं मी."

स्टेनवरनं त्याच्याकडे पाहिलं. दहाव्या वर्षी गटांगळ्या खाताना त्याचा चेहरा जसा होता तसाच आताही होता, विश्वासानं वर बघणारा.

"हो रे," ती म्हणाली. "बोललो आम्ही."

त्यानं पोरगी तिच्या हातात दिली. आल्फदीस तोवर दालनाबाहेर पडली होती.